आभाळी

शुक्रवारी दुपारी इस्क्रा कबुतरांना नीळ घालत बसली होती. कपड्यांना घालतात तीच नीळ, कोमट पाण्यात चिमूटभर. एकेक कबुतर उचलायचं, शेपटी आणि पंख बुडवायचे, फडक्याने टिपायचं आणि शेगडीजवळच्या पेटीत सोडायचं. नोव्हेंबरात आभाळ करडं असतं, आणि करड्या आभाळावर पिवळट कबुतर म्हणजे न धुतलेला सदराच. लोक पैसे मोजतात ते पांढऱ्या रंगाचे. पंखात एखादं राखाडी पीस दिसलं की ती ते उपटून टाकी. सुरुवातीला पीस उपटताना ती डोळे मिटून घ्यायची. आता तिला उपटलेलं कळतही नसे.

वुकान दारात येऊन उभा राहिला. तिचा नवरा, सव्वीस वर्षांचा, अंगाने बारीक, खिशात कायम मक्याचे दाणे.

"उद्याची दोन्ही लग्नं टपालींवरच काढायची," तो म्हणाला.

"मग आणखी कशावर काढणार?"

"सांगून ठेवतोय. आभाळींना हात लावायचा नाही."

"हजारदा सांगून झालंय तुझं," इस्क्रा म्हणाली. "लावला का कधी कुणी हात?"

त्यांच्याकडे कबुतरं दोन जातींची होती. टपाली कुठेही नेऊन सोडा, ती एक गिरकी घेऊन नाक घराकडे करतात आणि सुटतात. सगळा धंदा त्यांच्यावर. आभाळींचं तसं नव्हतं. आभाळी आपल्या घराच्या छपरावरून सरळ वर चढतात, ठिपका होतात, आणि त्याच छपरावर तासन्तास घिरट्या घालत राहतात. संध्याकाळी आपल्याच छपरावर उतरतात. बस, एवढंच. घरापासून लांब नेली तर ती जत्रेत हरवलेल्या पोरासारखी. त्यांना परतीची वाट ठाऊक नसते, कारण ती कधी कुठे गेलेलीच नसतात. थोडक्यात, कशाच्याही उपयोगाची नाहीत, आणि वुकानचा सगळा जीव त्यांच्यात. सात वर्षं जोड्या लावून लावून त्याने स्वतःचा असा एक पांढरा वाण तयार केला होता. आमच्या बानात प्रांतातले म्हातारे कबुतरवाले तो बघायला सायकली मारत यायचे.

इस्क्राने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते त्या आभाळींपायीच. मावसभावाला बोलवायला म्हणून ती वुकानच्या शेजारच्या झिवानकाकांच्या अंगणात गेली, तर तीन पुरुष गवतावर उताणे पडलेले. तिला वाटलं, वाईट दारू प्याले आणि गेले तिघेही. ती किंचाळली. त्यातला एक तिच्याकडे न बघताच म्हणाला, "हळू बोल ना. वर आहेत." तो वुकान. झिवानकाका म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले सांधेवाले. कबुतरांचं वेड त्याला त्यांनीच लावलं. त्या दिवशी शर्यत होती. पंच घड्याळ लावून आरामखुर्चीत पडला होता, आणि ज्याचा थवा सगळ्यांत जास्त वेळ वर राहील तो जिंकणार होता. इस्क्राही शेवटी गवतावर पडली. तास गेला, दोन गेले. कुणी काही बोलत नव्हतं, आणि तिला वाटलं, ह्या माणसाबरोबर गरिबीत राहावं लागलं तरी चालेल.

चाललं नाही. तिचा पगार औषधाच्या दुकानातला, त्याची साखर कारखान्यातली हंगामी नोकरी, आणि खाणारी तोंडं साठ, त्यातली अठ्ठावन्न चोचीची. मग नगरपालिकेने तरुणांसाठी धंद्याचं शिबिर ठेवलं. नोवी साद शहरातून एक गुळगुळीत दाढीचा शिक्षक आला. त्याने एकेकाला विचारलं, सकाळी उठल्यावर पहिली कसली आठवण येते? त्यातच तुमचा धंदा आहे. वुकान म्हणाला, "कबुतरांची." सगळे हसले. शिक्षक मात्र टाळ्या वाजवायला लागला. त्या गृहस्थाने आयुष्यात एक कबुतर पाळलं नव्हतं, पण लग्नात पांढरी कबुतरं सोडण्याची कल्पना त्याचीच. इस्क्राने ती उचलून धरली. वुकान आधी नको म्हणाला, मग बघू म्हणाला, आणि मग तिच्या डोळ्यांतली हौस बघून हो म्हणाला.

धंदा चालला, हे कबूल करायला हवं. पहिल्या उन्हाळ्यात चार लग्नं, दुसऱ्यात विचारायची सोय नाही. इस्क्राने दुकानातली नोकरी सोडली. बारशी झाली, मयती झाल्या, एका ट्रॅक्टरच्या दुकानाचं उद्घाटनही झालं. टपालींचं खुराडं वाढत वाढत अंगणभर झालं आणि आभाळींचं मागे, डुकराच्या जुन्या गोठ्यात गेलं. टपालींना शुक्रवारपासून अर्धपोटी ठेवायचं, म्हणजे शनिवारी धावत घरी येतात. हे वुकानच करायचा, आणि करताना शीळ घालायचा नाही. आधी तो उठल्यापासून शीळ घालायचा. इस्क्राला ते लक्षात आलं होतं, पण लक्षात आलेली प्रत्येक गोष्ट बोलून दाखवली तर संसार चालत नाही. रविवारी तो मागे जाऊन आभाळींना उडवायचा आणि गवतावर पडायचा. तेवढे काही तास तो तिचा जुना वुकान असायचा. म्हणूनच आभाळींना हात लावायचा नाही, हे ठरलेलं होतं. दोघांनी मिळून ठरवलेलं.

दुसऱ्या दिवशीचा तो शनिवार वर्षातला सगळ्यांत वाईट. नाताळाआधीचा मोठा उपवास सुरू झाला की चर्चमध्ये लग्न लावत नाहीत, त्यामुळे राहिलेली सगळी लग्नं त्याआधीच्या शेवटच्या शनिवारी अंगावर येतात. वुकानने दोन घेतली होती. एक सकाळी, तिसा नदीच्या पलीकडे. दुसरं दुपारी बाराला मिलादीनच्या घरी. थवा एकच. सकाळी सुटलेली टपाली तासाभरात घरी येतात, तीच पुन्हा टोपलीत भरायची. सप्टेंबरात असं तीनदा केलं होतं आणि तिन्ही वेळा जमलं होतं.

मिलादीन म्हणजे धान्याच्या कोठारांचा मालक. त्याला नाही म्हणता आलं नसतं, आणि ते तो श्रीमंत म्हणून नव्हे. मिलादीन वुकानचा कुम होता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातात धरून नाव देणारा. आमच्याकडे भावाशी भांडलेलं चालतं, बापाशी अबोला चालतो. कुमाला शब्द देऊन फिरवला तर लोक दारात उभं करत नाहीत.

शनिवारी सकाळी दाट धुकं होतं. झिवानकाका कुंपणापलीकडून ओरडले, "ए पोरा! ह्यात सोडणार आहेस? तुला स्वतःचं नाक दिसतंय का?"

"नदीपलीकडे विरळ असेल, काका."

"असेल! तिकडे तुझ्यासाठी पंखा लावलाय कुणी."

नदीपलीकडे धुकं आणखी दाट होतं, हे इस्क्राला फोनवर कळलं. वुकानने अर्धा तास वाट पाहिली. मग नवरीच्या आईने विचारलं की पक्षी बघायला आणलेत की उडवायला, आणि चाळीस मोबाइल टोपलीवर रोखलेले होते. त्याने झाकण उघडलं. पांढरी कबुतरं पांढऱ्यात गेली आणि पुढे काय झालं ते कुणालाच दिसलं नाही.

इस्क्रा नऊपासून खुराड्यापाशी उभी होती. दहा वाजले. साडेदहाला तीन कबुतरं आली, चिंब भिजलेली, चोच उघडी टाकून. बाकीची आली नाहीत. तेवढ्यात फोन वाजला.

"सूनबाई!" मिलादीनचा आवाज राकियाच्या दारूने गरम झालेला. "निघालात ना? सफरचंद टांगलंय बघ अक्रोडावर, ते गोळीने पाडायच्या आधीच जावयाचे हात थरथरायला लागलेत!"

"निघालोच, कुम."

वुकानची गाडी अंगणात शिरली. तो खाली उतरला, खुराड्याकडे पाहिलं आणि काय ते समजला.

"तीन?"

"तीन."

तो गाडीच्या दाराला टेकून उभा राहिला. "जाऊन सांगतो कुमाला. धुकं होतं म्हणून सांगतो. पाया पडतो."

"दोनशे लोकांसमोर?" इस्क्रा म्हणाली. "त्यानं तुला हातात धरून नाव दिलं, त्याच्या एकुलत्या एक पोरीच्या लग्नात तू रिकाम्या टोपल्या घेऊन जाणार?"

"मग काय करू? कोंबड्या रंगवून नेऊ?"

तिने मागच्या गोठ्याकडे पाहिलं. खोटं कशाला सांगा, तिच्या मनात कुमाची अब्रू होती तशी आणखीही एक गोष्ट होती. मिलादीनच्या मांडवात निम्म्या बानातमधले पैसेवाले येणार होते, आणि पुढच्या वर्षी त्या सगळ्यांकडे लग्नं निघणार होती.

"आभाळीही पांढरीच आहेत," ती म्हणाली.

वुकानने तिच्याकडे पाहिलं. "काय बोलतेस कळतंय का तुला?"

"कळतंय."

"ती तिथून घरी येणार नाहीत."

"तिथेच उतरतील. कोठाराच्या छपरावर. उतरली की आपण उचलून आणू. तुझ्या हाताला येतातच ना ती?"

ह्यावर तो भांडेल, टोपली आपटेल, असं तिला वाटलं होतं. तशी तिची तयारी होती, आणि भांडला असता तर ती कदाचित मागेही सरली असती. तो भांडला नाही. "उतरतील," तो स्वतःशीच म्हणाला. "भूक लागली की उतरतील." आणि मागे गेला. टपालींना धरताना जाळं लागतं, फडफड होते, पिसं उडतात. इथे काहीच करावं लागलं नाही. आभाळी आपणहून त्याच्या हातावर येऊन बसली, आणि त्याने एकेक टोपलीत ठेवलं.

मिलादीनच्या घरी पोहोचेपर्यंत धुकं उठलं होतं. मांडवात तंबुरावाले वाजवत होते, प्रत्येकाच्या छातीवर रोझमेरीची डहाळी टाचलेली, आख्खं डुक्कर सळईवर फिरत होतं. दारातल्या अक्रोडाच्या शेंड्याला लांब काठी बांधून वर सफरचंद टांगलेलं. ते बंदुकीने पाडल्याशिवाय नवरा नवरीच्या उंबऱ्याला पाय लावू शकत नाही. हा नवरा शहरातला, संगणकावर काम करणारा. पहिली गोळी कुठे गेली ते देवाला ठाऊक.

"जावईबापू, सफरचंद वर आहे, शेजाऱ्याच्या धुराड्यावर नाही!"

"अरे, त्याला शिडी द्या!"

"नवरीलाच द्या बंदूक, उपवास सुरू व्हायच्या आत लग्न लागू दे!"

नवव्या की दहाव्या गोळीला सफरचंद फुटलं. एकच गलका झाला, आणि वुकानने टोपल्या उघडल्या.

टपाली असती तर त्यांनी एक गिरकी घेतली असती आणि दिसेनाशी झाली असती. लोकांनी टाळ्या वाजवून पुन्हा ताटाकडे मान वळवली असती. आभाळी गेली नाहीत. ती सरळ वर चढायला लागली, एकत्र, गोल गोल, घराच्या अगदी माथ्यावर. मांडव हळूहळू गप्प झाला. तंबुरावाल्यांनी हात थांबवले. दोनशे माणसं माना वर करून उभी होती आणि थवा वर, आणखी वर, एकाच जागी फिरत होता. असं काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. इस्क्रालाही क्षणभर भान राहिलं नाही. तिला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाची तिला नंतर फार लाज वाटली.

मिलादीनने वुकानला मिठी मारली. त्याचे गाल ओले होते. "काय केलंस रे हे! माझ्या पोरीच्या डोक्यावर मुकुट धरलास, मुकुट!" आणि मग आनंद झाला की आमचे पुरुष करतात तेच सगळ्यांनी केलं. पिस्तुलं निघाली. हवेत बार व्हायला लागले. प्रत्येक बाराला थवा दचकून एक टप्पा वर चढायचा, आणि तो वर चढला की लोक आणखी खूश होऊन आणखी बार काढायचे.

"बस करा!" इस्क्रा नवरीच्या मामाच्या हाताला लोंबकळली. "घाबरतात ती!"

"घाबरत नाहीत, नाचतायत!" मामा म्हणाला आणि तिच्या गालाचा मुका घेतला.

वऱ्हाड चर्चला गेलं. अंगणात भांडी घासणाऱ्या बायका राहिल्या, कुत्री राहिली, आणि वर आभाळी राहिली. वुकानने झिवानकाकांना फोन केला. ते लक्का कबुतर घेऊन आले. लक्का उडत नाही, छपरावर पिसारा फुलवून बसतो. घरी आभाळींना खाली बोलवायचं झालं की वुकान त्यालाच छपरावर ठेवायचा. म्हातारा गाडीतून उतरला, वर पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"टोपलीत कुणी भरली?"

"मी," वुकान म्हणाला.

"मी सांगितलं," इस्क्रा म्हणाली.

"तुमचं तुम्ही वाटून घ्या."

वुकान कोठारावर चढला, लक्का कौलांवर ठेवला, दाणे पसरले, शीळ घातली. कित्येक महिन्यांनी इस्क्रा त्याची शीळ ऐकत होती. थवा खाली आला. इतका खाली की पंखांचा आवाज कानांवर आला. त्यांनी लक्का ओळखला, शीळही ओळखली. पण छप्पर त्यांचं नव्हतं. त्यांचं छप्पर डांबरी, काळं. हे लाल कौलांचं. शेजारी मांडवाचं कापड फडफडत होतं आणि कुत्री भुंकत होती. ती पुन्हा वर गेली. असं चारदा झालं. पाचव्यांदा ती खालीच आली नाहीत.

झिवानकाकांनी सवयीने घड्याळात पाहिलं. "चार तास होत आले. ह्या हवेत. इथे पंच असता ना..." आणि त्यांनी तोंड मिटलं.

वुकान कोठारावरच बसून राहिला होता. "मीच शिकवलंय त्यांना," तो तिथूनच म्हणाला. "कुठे आहात ते बघू नका, वर राहा. जी लवकर उतरायची ती मी ठेवायचोच नाही, विकून टाकायचो. सात वर्षं."

"खाली ये," इस्क्रा म्हणाली. "ये ना रे खाली."

नोव्हेंबरात अंधार पडायला वेळ लागत नाही. ठिपके होते तोवर तिघेही बघत होते. मग ते आहेत की नाहीत ते कळेना. मिलादीनकडच्या बायकांनी अंगणातले दिवे लावले आणि वरचं सगळं काळं झालं. एकदा कुठूनतरी पंखांचा आवाज आला. वुकान जागच्या जागी उठून उभा राहिला. मग फक्त, वऱ्हाड चर्चहून जिथे जेवायला गेलं होतं त्या हॉटेलातल्या बँडचा आवाज राहिला, रस्त्याच्या पलीकडून.

"अंधारात कुणी उतरत नाही," झिवानकाका म्हणाले. "विजेच्या तारा आहेत, घुबडं आहेत. चला आता, पोरांनो." त्यांनी लक्का कोटाखाली घेतला आणि कुणाचा निरोप न घेता गाडीत जाऊन बसले.

रविवारी उजाडल्यापासून दोघं शेतांतून हिंडली. चार कबुतरं विजेच्या तारांखाली सापडली, दोन नांगरटीत. एक कालव्यात तरंगत होतं. नीळ न लावताही ती किती पांढरी होती, हे इस्क्राला त्या काळ्या मातीवर दिसलं. एक मादी जिवंत मिळाली, एका म्हातारीच्या कोंबड्यांत, एक पंख ओढत. बाकीच्यांचा पत्ता लागला नाही. मेलेली सगळी वुकानने डुकराच्या गोठ्यामागे पुरली आणि हात धुऊन स्वयंपाकघरात येऊन बसला.

इस्क्राने त्याच्यासमोर कॉफी ठेवली. रात्रभर तिने जे मनाशी ठरवलं होतं ते एका दमात बोलून टाकलं. "बंद करू आपण. मी दुकानात जाऊन विचारते, मला परत घेतील. टपाली विकू. ती मादी बरी होईल, तुझ्याकडे घरी राहिलेला मागच्या वर्षीचा नर आहे, पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. फक्त आपल्यासाठी. लोकांसाठी नाही. ऐकतोयस ना?"

तो ऐकत होता. त्याने मानही डोलावली. तिला वाटलं, सुटलो.

फोन वाजला. ती तो बंद करायला वळली, पण त्याने आधी उचलला. दुसऱ्या बाजूचा माणूस एवढ्या मोठ्याने बोलत होता की तिला सगळं ऐकू आलं. मिलादीनच्या लग्नाचं चित्रीकरण त्याच्यापर्यंत पोहोचलं होतं, त्याच्याच काय, सगळ्यांपर्यंत पोहोचलं होतं. त्याच्या मुलाचं लग्न होतं. ईस्टरनंतर. त्याला ती नेहमीची नको होती, जी सोडली की पळून जातात. त्याला ती हवी होती, जी घरावर थांबतात.

इस्क्राने हात पुढे केला, फोन मागितला.

"थांबतात," वुकान म्हणाला. धंद्यातल्या आवाजात, अगदी अदबीने. "हो, तुमच्याच घरावर. नाही हो, लांब जात नाहीत. पाहुणे जेवून उठले तरी वरच असतात. अंधार पडेपर्यंत असतात." मग थोडं ऐकून घेतलं. "होतील ना. ईस्टरपर्यंत नवी तयार होतील. एक मिनिट हं."

त्याने फोनवर हात ठेवला आणि इस्क्राकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. एखाद्या साध्या दुकानदाराने भागीदाराला विचारावं तसं त्याने विचारलं, "आभाळींचे टपालींपेक्षा दुप्पट सांगू ना? परत येत नाहीत म्हणून?"

इस्क्राला नाही म्हणायचं होतं. तिने मान हलवली, आणि ती होकाराचीच होती.